बाई, तुमचा खाडा होत नाही?

मुलांनो, दुधाचा खाडा तुम्हाला माहीत असेलच. ज्या दिवशी दूध घेतलं नाही, त्या दिवशी आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारते. महिना संपला की फुल्या मोजायच्या, तेवढ्या दिवसांचे पैसे वजा करायचे आणि उरलेले दूधवाल्याच्या हातावर ठेवायचे. झाला हिशोब!

या खाड्याने मला एकदा भर वर्गात चांगलंच अडकवलं. त्याचीच ही गोष्ट. गोष्ट म्हणजे अगदी खरीखुरी, बरं का!

सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी प्राथमिक शिक्षिका आहे. आमची शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी गुरुजींकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळीची सुट्टी संपली आणि पाठोपाठ विधानसभेची निवडणूक आली. ते काम उरकून मी वर्गात परतले, तेव्हा चौथीचं गणित चालू होतं. फळ्यावर मी दुधाच्या खाड्याचं उदाहरण घातलं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक हात वर आला.

"बाई, तुमचा खाडा होत न्हाई का?"

"म्हणजे रे?"

"आमचं आण्णा गवंडीकामाला जात्यात. पाऊस आला, सिमेंट संपलं, काम बंद पडलं, की खाडा. खाड्याचं पैसं मिळत न्हाईत. तुम्ही दिवाळीत शाळंत नव्हता. मे महिन्यात तर येतच न्हाई. मग तुमचं किती कापत्यात?"

सगळा वर्ग खो-खो हसला. मी मात्र हसले नाही, कारण तो काही मस्करी करत नव्हता. त्याच्या घरी खाडा म्हणजे काय, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. खाडा झाला की त्या दिवशी किराणा उधार.

"सुट्टीचे काही कापत नाहीत," मी म्हटलं.

"काहीच न्हाई?" त्याचे डोळे एवढे मोठे झाले!

आता काय सांगावं? 'गप्प बस, खाली बस' म्हणणं सोपं होतं. पण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत तो मी कितीतरी वेळा ऐकला आहे. 'मास्तरांचं बरं आहे बुवा! सुट्ट्याच सुट्ट्या, आणि पगार मात्र भरपूर!' मोठी माणसं हे आमच्या पाठीमागे बोलतात. या पोराने समोर विचारलं, एवढाच काय तो फरक.

"उद्या आपण सगळे मिळून हिशोब करू," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी खरंच केला.

पहिला हिशोब : सुट्ट्यांचा

वर्षाचे दिवस ३६५. रविवार ५२. आपल्या राज्यात शाळेला रविवार सोडून वर्षाला जास्तीत जास्त ७६ सुट्ट्या घेता येतात. दिवाळी, उन्हाळा, सणवार, जयंत्या सगळं त्यातच आलं. मुलांनी पाटीवर मांडलं. ५२ आणि ७६ मिळून १२८. ३६५ मधून १२८ गेले, राहिले २३७. म्हणजे शाळा भरते साधारण २३७ दिवस. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला निदान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं बंधनकारक केलं. शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावं, असंही त्यात लिहिलं आहे. पाठाची तयारीही त्याच तासांत धरलेली आहे.

मग आम्ही सरकारी कचेरीतल्या माणसाचा हिशोब मांडला. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून राज्य सरकारच्या कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. शनिवार ५२, रविवार ५२, झाले १०४. वर सणावारांच्या वीसेक सुट्ट्या. शिवाय वर्षाला ३० दिवस अर्जित रजा. बेरीज १५० च्या पुढे गेली, तशी मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"म्हणजे बाई, तुम्हाला सुट्ट्या कमीच की!" एक मुलगी म्हणाली.

पण थांबा! अर्धा हिशोब सांगून जिंकणं म्हणजे लबाडी. कचेरीतला माणूस सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा बसतो. शाळा त्याहून आधी सुटते. शनिवारी तर सकाळचीच असते. मात्र त्याला हवी तेव्हा अर्जित रजा मागता येते. आम्हाला मोठी सुट्टी असते, म्हणून ती रजा एरवी जमा होत नाही. आमच्या घरचं लग्नकार्य असो की आईचं आजारपण, 'मेच्या सुट्टीत बघू' असं म्हणावं लागतं. आणि मे महिना तरी सगळा आमचा कुठे असतो? ७ मे २०२४ रोजी आमच्याकडे लोकसभेचं मतदान झालं. त्या वेळी मी सुट्टीतच होते, पण मतदान केंद्रावर. त्याचं वेगळं मानधन मिळालं, हेही मुलांना सांगून टाकलं.

दुसरा हिशोब : पगाराचा

"बाई, तुमचा पगार किती?" हा प्रश्न येणारच होता.

मी २०१० साली नोकरीला लागले, तेव्हा वय बावीस. बारावीनंतर डी.एड. केलेलं. पहिली तीन वर्षं आम्ही 'शिक्षणसेवक' होतो. ही योजना राज्यात २००० सालापासून सुरू झाली. काम पूर्ण शिक्षकाचं, पण पगार नाही, नुसतं मानधन. मी लागले तेव्हा ते महिना ३,००० रुपये होतं.

"काढा बरं रोजचे किती!"

"शंभर रुपये!" वर्ग ओरडला.

"म्हंजी आमच्या आण्णांपेक्षा कमी!" शेवटच्या रांगेतून आवाज आला. खरंच होतं ते. त्या काळीसुद्धा गवंड्याची मजुरी त्याहून जास्त होती. माझं खोलीभाडं आणि एस.टी.चा पास यातच मानधन संपायचं. महिनाअखेरीला वडिलांकडे हात पसरावा लागायचा. पुढे हे मानधन ६,००० झालं आणि जानेवारी २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला १६,००० रुपये झालं.

तीन वर्षांनी नेमणूक पक्की झाली आणि दिवस पालटले. १ जानेवारी २०१६ पासूनच्या सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाच्या मूळ वेतनाची सुरुवात २९,२०० रुपयांपासून झाली. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. आज माझा पगार गावातल्या बहुतेक घरांच्या कमाईपेक्षा जास्त आहे. हे मी मुलांपासून लपवलं नाही. लपवून काय होणार? गावाला सगळं ठाऊक असतं. दुसरी बाजूही सांगितली. १ नोव्हेंबर २००५ नंतर जे नोकरीला लागले, त्यांना जुन्या पद्धतीचं निवृत्तिवेतन राहिलं नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये आठवडाभर संप झाला, शाळा बंद राहिल्या आणि लोकांनी आम्हाला बोल लावले. मागणी रास्त होती, असं मला आजही वाटतं. पण आमच्या मुलांचा तो आठवडा बुडाला, हेही तितकंच खरं.

आणि सगळ्याच शिक्षकांना असा पगार असतो, असं मात्र समजू नका. माझी डी.एड.ची एक मैत्रीण विनाअनुदानित शाळेत लागली. 'आज ना उद्या अनुदान मिळेल' या आशेवर तिने काही वर्षं जवळजवळ फुकट शिकवलं. अनुदान येतं तेही २० टक्के, ४० टक्के असं टप्प्याटप्प्याने. मे महिन्यात ती घरी कुरडया-पापड करून विकायची. म्हणजे बघा, तिचा मे महिना आणि गवंड्याचा पावसाळा अगदी सारखाच. दोन्हीकडे खाडाच!

"पण सुट्टीत पैसं का देत्यात?" पोरगा काही पाठ सोडत नव्हता.

मी सांगितलं, की पगार ठरतो तो वर्षाच्या कामाचा. मे महिन्यात ऊन पेटलेलं असतं, पत्र्याच्या खोलीत मुलांना बसवत नाही, म्हणून शाळा बंद ठेवतात. पण शिक्षकाला पोट बाराही महिने असतं. कारखान्यातल्या कामगारालाही १९४८ च्या कारखाने कायद्याने पगारी रजा मिळाली, दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. माणूस विसावा घेऊन आला, की पुन्हा नीट काम करतो. पगारी सुट्टी ही काही चोरी नाही.

"मग आण्णांना का न्हाई?"

मुलांनो, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. "असायला हवी," एवढंच मी म्हटलं. मला सुट्टी मिळते हे चूक नाही. त्याच्या आण्णांना मिळत नाही, हे चूक आहे.

तिसरा हिशोब : भिंतीचा

माझ्या मते विषय इथे संपला होता. पण डिसेंबरात पालकसभा झाली आणि खरा हिशोब तिथेच निघाला.

सभेत नेहमीचे टोमणे झाले. एक गृहस्थ म्हणाले, "सावित्रीबाईंनी पगार मागितला होता का?" ते म्हणाले ते खरंच होतं. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाईंनी विनावेतन शिकवलं. वर लोकांचं शेण-चिखल झेललं. पण त्याच घरातली दुसरी गोष्ट मी सभेला सांगितली. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. महात्मा फुल्यांनी आपलं म्हणणं त्याच्याकडे लिहून दिलं. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना महिना निदान १२ रुपये पगार असावा आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये द्यावेत, असं त्यांनी मागितलं होतं. नांगर धरायला किंवा सुताराचं हत्यार हाती घ्यायला लाजणार नाहीत अशी माणसं शिक्षक व्हावीत, असंही त्यांचं म्हणणं होतं. ज्या घराने स्वतः फुकट शिकवलं, त्याच घराने शिक्षकाला चांगला पगार मागितला!

सभा गप्प झाली. मला वाटलं, जिंकले! तेवढ्यात मागे दाराशी उभा असलेला एक माणूस बोलला. पायावर सिमेंटचे डाग, हातात टोपी. शेवटच्या रांगेतल्या त्या मुलाचे आण्णा.

"बाई, पगाराचं मला काय बी म्हणायचं न्हाई. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला मिळायलाच पाहिजे. माझं येवढंच, की मी भिंत बांधतो. ओळंबा लावला आन् भिंत वाकडी निघाली, तर मालक पाडायला लावतो. त्या दिवसाची मजुरी जाती. माझं पोरगं चौथीला हाय. कालच्याला दुकानावरची पाटी वाचायला सांगितली, तर आलं न्हाई त्याला. ही भिंत कुणी वाकडी बांधली? ह्याचा खाडा कुणाच्या नावावर?"

मुलांनो, पंधरा वर्षांच्या नोकरीत मला कोणी असं बोललं नव्हतं. आवाज चढवलेला नव्हता की शिवी नव्हती. पण माझी मान खाली गेली.

त्या मुलाचं अक्षर मोत्यासारखं होतं. फळ्यावरचं सगळं तो सुबक उतरवून घ्यायचा. वही बघून मी 'छान' असा शेरा द्यायचे. पण तो अक्षरांची चित्रं काढत होता, वाचत नव्हता! तिसरीपासून दीड वर्ष तो माझ्या वर्गात होता आणि हे माझ्या ध्यानातच आलं नाही. असा तो एकटाच नाही. 'असर' नावाची पाहणी २००५ सालापासून गावोगाव होते. त्यात पाचवीच्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला देतात आणि कितीतरी मुलं अडतात. ते आकडे वर्तमानपत्रात आले, की आम्ही शिक्षक चिडतो. पण आकड्यातलं एक मूल माझ्याच शेवटच्या रांगेत बसलं होतं.

त्या रात्री मी माझी टाचणवही उघडली आणि स्वतःचे खाडे मोजले. जूनपासून डिसेंबरपर्यंत १९ दिवस मी वर्गाबाहेर होते. निवडणुकीची प्रशिक्षणं, मतदान, मतदारयादीसाठी घरोघर फिरणं, तालुक्याच्या बैठका. शिक्षकांना शिकवण्याशिवाय दुसरी कामं देऊ नयेत, असं कायदा म्हणतो. त्यातून फक्त जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक वगळलेली आहे. म्हणजे निवडणूक टाळता येत नाही. आणि का टाळावी? तेही देशाचंच काम. पण दोन शिक्षकांच्या शाळेतला एक बाहेर गेला, की दुसऱ्यापुढे चार वर्ग. गुरुजींनी सांभाळावं तरी किती?

एक गोष्ट मला त्या रात्री कळली. या १९ दिवसांचा माझा एक पैसाही कापला गेला नाही. पण ते दिवस कापले गेले होते. ते त्या पोराच्या खात्यातून गेले होते. शिक्षकाचा खाडा शिक्षकाच्या पगारात दिसत नाही. तो मुलाच्या वाचनात दिसतो. आणि बाकीचं वर्षभर मी वर्गातच होते की! त्याचा दोष निवडणुकीवर कसा ढकलणार?

मग काय केलं?

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या भिंतीवर एक कागद लावला. त्यावर दोन रकाने. एकात बाईंचे खाडे, कारणासकट. दुसऱ्यात वर्गातली कोण मुलं परिच्छेद वाचतात, कोण वाक्य वाचतात, कोण शब्दावर अडतात, याची नुसती संख्या. नावं लिहिली नाहीत. कुणाला खाली बघायला लावायचं नव्हतं. पालक केव्हाही येऊन कागद बघू शकत होते. गुरुजी आधी कचरले. मग त्यांनीही आपल्या वर्गात तसाच कागद लावला.

शाळा भरायच्या आधी अर्धा तास मी त्या मुलाला आणि आणखी तिघांना घेऊन बसायला लागले. पुस्तक काढलं की तो कावराबावरा व्हायचा. म्हणून पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्याच्या घरातले शब्द घेतले. वीट. वाळू. थापी. ओळंबा. घमेलं. हे शब्द त्याने हाताने उचललेले होते. ते त्याला लवकर ओळखीचे झाले. जानेवारीत तो शब्दांवरून वाक्यावर आला. मध्ये चार दिवस मी पुन्हा प्रशिक्षणाला गेले, तेव्हा चौथीतल्याच एका मुलीने त्याचं वाचन घेतलं. कागदावर माझे चार खाडे लागले, पण त्याचा एकही नाही!

मार्चमध्ये एक दिवस तो पळत पळत शाळेत आला. आण्णांच्या मुकादमाची डायरी त्याने आदल्या रात्री वाचली होती. डायरीत कामाचे दिवस आणि खाडे लिहिलेले असतात.

"बाई, सोमवारचा खाडा लिवलाय. पण सोमवारी आण्णा कामावर हुतं! त्या दिवशी मी डबा घेऊन गेलतो!"

आण्णांनी मुकादमाला दाखवलं. मुकादमाने चूक मान्य केली आणि एका दिवसाची मजुरी मिळाली. पुढच्या सभेला आण्णा आले. काही बोलले नाहीत. भिंतीवरचा कागद बघितला, बोट ठेवून रकाना खालपर्यंत नेला आणि म्हणाले, "ओळंब्यात याय लागलीया."

मुलांनो, तो अजून जोडाक्षराला अडखळतो. पाचवीत गेला, तेव्हा त्याच्या नव्या बाईंना मी ते सांगून ठेवलं आहे.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. शिक्षकांवर टीका जरूर करा. आमच्यात उशिरा येणारे आहेत, नुसत्या सह्या करणारेही आहेत. त्यांना पाठीशी घालू नका. पण टपरीवर आमच्या सुट्ट्या मोजून काही हाती लागणार नाही. त्या सरकारने आधीच मोजलेल्या आहेत. त्यापेक्षा एकदा शाळेत या, मुलाला समोर बसवा आणि एक पान वाचायला सांगा. अडलं, तर आम्हाला विचारा, 'बाई, हा खाडा कुणाचा?' आणि बाई महिन्यातून चार दिवस वर्गाबाहेर का असतात, हे तालुक्याच्या कचेरीतही विचारा. तिथे तुमच्या प्रश्नाला आमच्यापेक्षा जास्त वजन आहे.

आणि छोट्या दोस्तांनो, तुम्ही एक करून बघा. घरातल्या कॅलेंडरवर महिनाभर रोज एक खूण करा. पण ही खूण दुधाची नाही. आज शाळेत मला एक नवी गोष्ट आली, तर बरोबरची खूण. नाही आली, तर फुली. महिनाअखेर फुल्या मोजा आणि तो कागद तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना दाखवा.

घाबरू नका. त्या रागावणार नाहीत. थोडा वेळ गप्प राहतील कदाचित. मीही राहिले होते.